‘ड्युएल’: ७४ मिनिटांचा की ९०?
एक ट्रकवाला हायवेवर एका गाडीवाल्याच्या जिवावर उठतो, असा स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ हा सिनेमा १३ नोव्हेंबर १९७१ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर लागला, तेव्हा तो ७४ मिनिटांचा होता. टीव्हीवर तो इतका गाजला, की युरोपातल्या थिएटरांसाठी नवे प्रसंग चित्रित करून ९० मिनिटांचा केला. या नव्या प्रसंगांतला गाडीवाल्यानं बायकोला केलेला फोन मला उपराच वाटतो. घरातली कुरबुर कळून ट्रकची भीती काही वाढत नाही. पण रेल्वे फाटक! समोरून मालगाडी धडधडतेय आणि मागून ट्रक त्याच्या लाल प्लिमथ गाडीला रुळांकडे रेटतोय. तेवढ्यासाठी मोठी आवृत्ती बघाच. एरवी माझं मत टीव्हीवाल्या आवृत्तीला: ट्रकवाल्याचा चेहरा दिसत नाही, पाठलागाचं कारण कळत नाही, आणि मधे उसंतही नाही.