डाईंगची शेड : पूर्व भागात की चिंचोळीत?

सोलापुरात सूत रंगवायचा धंदा मी शहराच्या पूर्व भागात आणि चिंचोळी एमआयडीसीत, दोन्हीकडे केलाय, त्यामुळे जागा शोधणारे हल्ली मलाच विचारतात.

परवान्यात फरक शोधू नका. डाईंग लाल वर्गात, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत मोडतं, प्रदूषण मंडळाचा कन्सेंट (संमतीपत्र) कुठेही गेलात तरी चुकत नाही. फरक जागेच्या कागदांत. शहरात जागा कोणत्या वापराची ते सांगणारा महापालिकेच्या नगररचनेचा झोन दाखला, बिगरशेतीचे कागद, आणि गुंठेवारीचा तुकडा असेल तर तिथेच हात टेकायचे. चिंचोळीत नकाशा मंजूर करणारी एमआयडीसीच, एका दारात काम.

पूर्व भागाचं सुख मात्र खरं. माग, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, कामगार सगळं हाकेच्या अंतरावर. चिंचोळी पडली पुणे रस्त्यावर. रात्रपाळीला माणसं आणायला मला गाडी ठेवावी लागली, तिचं डिझेल अजून बोचतं.

तरी शहर सोडलं, ते चिमणीपायी. तासाला दोन टनांपेक्षा कमी वाफ देणाऱ्या बॉयलरला नियम असा, की चिमणी शेजारच्या इमारतीच्या अडीच पट किंवा 9 मीटर, यातलं जे जास्त ते. शेड घेतली तेव्हा शेजारी 4 मीटरचं बैठं घर होतं, माझी 10 मीटरची चिमणी नियमात. पुढे त्यांनी दोन मजले चढवले. त्यांची गच्ची आणि माझ्या चिमणीचं तोंड समोरासमोर! आता हवी 25 मीटर. पत्र्याच्या शेडवर एवढा पाइप उभा तरी कसा करायचा? धुरातली राख खाली पाडणारा सायक्लोन बसवला, पण सकाळी भट्टी पेटवताना धूर सुटायचाच. एका उन्हाळ्यात शेजारच्या अक्का ताट घेऊन दारात उभ्या. पांढऱ्या कुरडयांवर तीळ पेरावेत तशी काजळी. भांडल्या नाहीत, ताट ठेवून गेल्या. घर त्यांच्या जागेत, चूक कुणाची म्हणणार? शिवाय केंद्राच्या 2019च्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे, तक्रार झाली तर ती हलकी धरू नये.

चिंचोळीत माझ्या शेजारीही चिमणीच आहे. तिथे कुणी गच्चीवर वाळवण घालत नाही.

तुमचा बॉयलर गॅसवर असेल तर शहर चालूनही जाईल, मी अडवणार नाही. लाकूड किंवा ब्रिकेट (भुशाचे दाबलेले ठोकळे) जाळणार असाल तर झोन दाखल्याच्या आधी एक करा : शेजारच्या गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या सोडल्यात का, तेवढं बघून या.