दोन लॅन पोर्टचा घरगुती नॅस: काही महिन्यांच्या वापरानंतर वायर्ड सेटिंगबद्दल

नॅस (घरातल्या नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल देणारी साठवणपेटी) घेताना सगळे डिस्क आणि प्रोसेसर बघतात, पण रोजचा त्रास बहुतेक वेळा मागच्या लॅन पोर्टपासून सुरू होतो. हा दोन डिस्कचा, दोन गिगाबिट पोर्टांचा नॅस काही महिने अखंड चालवल्यावर सांगण्यासारखं आहे ते त्याच्या वायर्ड नेटवर्कबद्दलच.

पहिला प्रश्न आयपी पत्त्याचा, म्हणजे नेटवर्कवर नॅस ज्या क्रमांकाने सापडतो त्याचा. नॅसचा पत्ता बदलत राहिला तर मॅप केलेले ड्राइव्ह, टीव्हीवरचं मीडिया ॲप, बॅकअप सगळंच तुटतं. म्हणून अनेकजण नॅसच्या सेटिंगमध्ये स्टॅटिक, म्हणजे कायमचा, पत्ता टाकून मोकळे होतात. चालतं, पण तो राउटरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) रेंजबाहेरचा हवा. राउटर १९२.१६८.१.१०० ते २०० वाटत असेल तर नॅसला १९२.१६८.१.५० द्या, रेंजमधला दिलात तर कधीतरी राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देऊन बसेल आणि दोघंही अधूनमधून गायब होतील. त्यापेक्षा नॅस डीएचसीपीवरच ठेवून राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेससाठी (पोर्टाचा स्वतःचा ओळख क्रमांक) पत्ता राखून ठेवणं बरं. राउटर बदलला तरी नॅस नव्या नेटवर्कमध्ये आपोआप सापडतो. दोन पोर्टांचे मॅक वेगळे असतात, केबल दुसऱ्या पोर्टात लावली की राखीव पत्ता मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर सेटिंग उचकू नका. राउटरकडून उत्तरच येत नाहीये, आधी केबल आणि स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) बघा.

आता वेग. गिगाबिटवर मोठी फाइल सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जायला हवी. आकडा ११ वर अडकला तर लिंक १०० एमबीपीएसवर उतरली आहे, आणि दोषी जवळपास नेहमी केबल असते. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. क्रिंप करताना (केबलला प्लग बसवताना) एखादी तार पिनपर्यंत पोचली नाही, तरी नेट ‘चालू’ दिसतं, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलीही टाळा. शुद्ध तांब्याची कॅट ५ई घरातल्या अंतराला भरपूर झाली. सेटिंगमधला स्पीड आणि डुप्लेक्स (डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) ‘ऑटो’वरच राहू द्या. एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स सक्तीने लावलं तर ऑटोवरचं दुसरं टोक हाफ डुप्लेक्स धरतं, आणि मग जे रडतखडत चालतं त्याचं कारण शोधण्यात दिवस जातो.

दुसऱ्या पोर्टाबद्दल जाहिरातीने फार अपेक्षा वाढवून ठेवल्यात. दोन पोर्ट एलएसीपीने (दोन तारांची मिळून एक लिंक करण्याची पद्धत) जोडायला ती पद्धत जाणणारा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागतो, आणि तरीही एका संगणकाची एक कॉपी एकाच तारेवरून जाते. फायदा होतो तो अनेकजण एकाच वेळी फाइल ओढत असतील तेव्हा. साध्या स्विचवर घरच्यांसाठी ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ (एक पोर्ट बंद पडला की दुसरा काम घेतो) पुरे. दोन्ही पोर्टांना एकाच सबनेटमधले (पत्त्यांच्या एकाच गटातले) वेगवेगळे पत्ते देऊ नका, कुठल्या पोर्टावरून उत्तर जाईल याचा भरवसा राहत नाही.

जंबो फ्रेम (डेटा नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटच्या मोठ्या तुकड्यांत पाठवणं) मी तरी बंद ठेवा म्हणेन. नॅस आणि संगणक ९००० वर पण मधला स्विच १५०० चा, अशी जोडी जमली की लॉगिन पान उघडतं, पिंगही (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारा छोटा संदेश) जातं, मोठी फाइल मात्र लटकते, कारण स्विच मोठ्या फ्रेम गुपचूप टाकून देतो. करायचंच असेल तर ८९७२ बाइटचं पिंग, तुकडे न करण्याची अट घालून, पाठवून पाहा. त्यात २८ बाइटची हेडरं मिळवली की ९००० भरतात.

एका बाबतीत या नॅसचे गुण कापावे लागतात. चुकीचा पत्ता सेव्ह केला की जुनं सेटिंग आपोआप परत येत नाही, नॅसचं ॲडमिन पान तिथेच मरतं. १९२.१६८.१.५० ऐवजी १९२.१६८.०.५० टाकलं गेलं, तर लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो थेट नॅसला केबलने जोडा, त्याला १९२.१६८.०.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, गेटवे रिकामा सोडा. वेगळी क्रॉसओव्हर केबल लागत नाही. ब्राउझरमध्ये तोच चुकीचा पत्ता टाकला की ॲडमिन पान उघडतं. तिथे डीएचसीपी निवडून सेव्ह करा, लॅपटॉपही पुन्हा ऑटोवर आणा आणि केबल परत स्विचला लावा. रीसेटच्या बटणाला हात लावायची वेळ सहसा येत नाही.