लहान मुलांसाठी मालिका निवडताना: विषयाबरोबर वेळही पाहावा

दोन ते सहा वर्षांच्या मुलासाठी दूरचित्रवाणीवरील मालिका निवडताना पालक बहुधा आधी विषय पाहतात. अक्षरे आहेत का, अंक आहेत का, मारामारी तर नाही ना, एवढे तपासून झाले की निवड झाली असे वाटते. ही तपासणी हवीच, पण ती पुरत नाही. एकाच विषयावरच्या दोन मालिका मुलाला अगदी वेगवेगळे अनुभव देतात, आणि माझ्या मते त्यातला मोठा फरक मालिका मुलाला किती वेळ देते यावरून पडतो. प्रश्न विचारल्यावर उत्तर सुचेपर्यंत ती थांबते का, एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाण्याआधी पहिले समजू देते का, भांडण दाखवल्यावर ते मिटवायलाही तेवढाच अवकाश ठेवते का, आणि भाग संपल्यावर मुलाला उठू देते का, या चार प्रश्नांच्या आधारे पुढील तुलना केली आहे.

त्याआधी वयाचा विचार करावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांसाठी दूरचित्रवाणी पाहणे योग्य मानलेले नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास ही मर्यादा सांगितली आहे, तीही ‘कमी तितके बरे’ अशा पुस्तीसह. यामागे ठोस कारणे आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली तेव्हा बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले; तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावरून दाखवले तेव्हा मात्र बाळे काहीही शिकली नाहीत. मालिका चांगली असली तरी वयाचा अडसर राहतोच. सहा ते तीस महिन्यांच्या दरम्यानच्या ५१ मुलांचा मागोवा घेणाऱ्या २००५ च्या अभ्यासात ‘ब्ल्यूज क्लूज’ आणि ‘डोरा’ या मालिका पाहणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह मोठा आढळला, तर खास याच वयासाठी १९९७ मध्ये सुरू झालेली ‘टेलिटबीज’ पाहणाऱ्यांचा लहान. त्याच अभ्यासात ‘सेसमी स्ट्रीट’ पाहणाऱ्या तान्ह्या मुलांची बोलण्यातली प्रगतीही कमी दिसली, आणि ही तर मोठ्या मुलांसाठी उत्तम ठरलेली मालिका आहे. अभ्यास लहान आहे आणि त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरीही मूल दोन वर्षांचे होण्याआधी कोणती मालिका बरी या चर्चेत पडू नये, असेच मी सांगेन.

दोन ते चार या वयासाठी ‘सेसमी स्ट्रीट’ आणि ‘ब्ल्यूज क्लूज’ यांची तुलना सर्वांत उद्बोधक आहे, कारण पहिल्या मालिकेच्या अनुभवातूनच दुसरीची घडण झाली. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’च्या निर्मात्यांनी बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांना अगदी आरंभापासून सोबत घेतले. एखादा तुकडा मुलाला किती धरून ठेवतो हे तपासण्यासाठी ते दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रे दाखवत आणि मुलाची नजर केव्हा हलते याची नोंद ठेवत. लहान मूल फार वेळ एका गोष्टीत रमत नाही, असा त्या काळचा समज असल्यामुळे ही मालिका मासिकासारखी छोट्या छोट्या तुकड्यांत बांधली गेली. पुढच्या संशोधनाने वेगळे चित्र दाखवले: कळेनासे झाले की मूल नजर वळवते, आणि कळत असेल तर बऱ्याच लांबीची गोष्टही ते शेवटपर्यंत पाहते. १९९६ मध्ये आलेल्या ‘ब्ल्यूज क्लूज’ने हा धडा पुरता उचलला. तिच्या भागात एकच कोडे असते, निवेदक थेट मुलाकडे पाहून प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबतो. मोठ्यांना अवघडून टाकणारी ती शांतता मुलासाठी विचाराचा वेळ असते. आरंभी एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जाई. तपासणीत असे आढळले की पुनरावृत्तीमुळे मुले कंटाळली नाहीत, उलट दिवसागणिक अधिक मोठ्याने उत्तरे देऊ लागली.

म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी मी ‘ब्ल्यूज क्लूज’च्या बाजूने कौल देईन. चार वर्षांच्या पुढे ‘सेसमी स्ट्रीट’ सरस ठरते, कारण अक्षरे, अंक, माणसामाणसांतले भेद, शेजार असा तिचा आवाका फार मोठा आहे आणि तीही पुढे, विशेषतः २००२ नंतर, अधिक सलग कथानकाकडे वळली. मूल तोच तो भाग पुन्हा मागते म्हणून चिडणाऱ्या पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की ते मागणे शिकण्याचाच भाग आहे.

वेगाबद्दल मात्र थोडे सावधपणे बोलायला हवे. २०११ मध्ये साठ चार वर्षांच्या मुलांवर झालेला एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. काही मुलांनी नऊ मिनिटे ‘स्पाँजबॉब’ ही वेगवान व्यंगचित्रमालिका पाहिली, काहींनी संथ, घरगुती वळणाची मालिका पाहिली आणि उरलेल्यांनी चित्रे काढली. त्यानंतर लगेच दिलेल्या, संयम आणि स्मरण लागणाऱ्या कामांत पहिला गट मागे पडला. त्या मालिकेत सरासरी ११ सेकंदांनी दृश्य बदलत होते, संथ मालिकेत ३४ सेकंदांनी. यावरून ‘वेगवान ते वाईट’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण त्याच संशोधकांच्या नंतरच्या कामात वेगापेक्षा अशक्य, अद्भुत घटनांचा भडिमार मुलाला जास्त थकवतो असे दिसले. शिवाय ती मालिका मुळात चार वर्षांच्या मुलांसाठी केलेलीच नाही, आणि परिणामही लगेचच मोजलेला आहे, कायमचा नव्हे. घरी करता येण्याजोगी चाचणी अशी: कोणत्याही भागातले एक मिनिट घड्याळ लावून पाहावे, दृश्य किती वेळा बदलले ते मोजावे आणि त्या मिनिटात काय घडले हे मूल आपल्या शब्दांत सांगू शकते का ते पाहावे. सांगू शकत असेल, तर वेगाची चिंता सोडून द्यावी.

संथपणाचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणून मला १९६८ ते २००१ या काळात चाललेला अमेरिकी निवेदक फ्रेड रॉजर्स यांचा मुलांसाठीचा कार्यक्रम आठवतो. ते माशांना खाऊ घालताना ‘मी माशांना खाऊ घालतो आहे’ असे मोठ्याने सांगत, कारण माशांना वेळेवर खायला मिळते का याची काळजी एका अंध मुलीला वाटत असल्याचे त्यांना पत्रातून कळले होते. दूरचित्रवाणीवर एका प्रेक्षकासाठी वेळ काढणे म्हणजे काय, हे याहून चांगले मला दाखवता येणार नाही.

त्याच कार्यक्रमाच्या विश्वातून २०१२ मध्ये ‘डॅनियल टायगर’ ही मालिका आली. भावना आणि वागणूक या क्षेत्रात आज निवड करायची तर ती, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ‘ब्लूई’ आणि २००४ पासूनची ब्रिटिश ‘पेपा पिग’ अशा तिघी समोर येतात. ‘डॅनियल टायगर’चा एक भाग एकाच भावनेला वाहिलेला असतो, राग आला, वाट पाहावी लागली, नवे मूल भेटले, तर काय करावे हे एका छोट्या ओळीच्या गाण्यातून वारंवार येते, आणि ती ओळ मुलाच्या तोंडी सहज बसते. ‘ब्लूई’चा भाग सात मिनिटांचा. त्यात उपदेश जवळजवळ नसतो. दोन बहिणींचा खेळ असतो, खेळाला सामील होणारे आणि कधी कंटाळणारे आईवडील असतात, आणि जे शिकायचे ते खेळाच्या पोटात असते. ‘पेपा पिग’चे पाच मिनिटांचे भाग समजायला सर्वांत सोपे, पण त्यातली चेष्टा आणि हट्ट पुष्कळदा हसण्यावारी जाऊन तिथेच संपतात.

हा शेवटचा मुद्दा दिसतो त्याहून गंभीर आहे. २००६ च्या एका अभ्यासात शैक्षणिक मालिका अधिक पाहणारी मुले ‘तू माझी मैत्रीण नाहीस’ अशा प्रकारची दुखावणारी वागणूक अधिक करताना आढळली. अनेक गोष्टींत भांडण बराच वेळ रंगते आणि समेट शेवटच्या काही क्षणांत उरकला जातो. लहान मूल दोन्हींची सांगड घालू शकत नाही आणि जे जास्त वेळ पाहिले ते उचलते, असे त्यामागचे एक स्पष्टीकरण आहे. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात तीन पायांच्या कुत्र्याला आपले मानण्याची गोष्ट दाखवल्यावर अनेक मुलांनी तिचा बोध तेवढ्यापुरताच घेतला: तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगले वागावे. वेगळेपण स्वीकारावे हा व्यापक अर्थ पोहोचला नाही. त्यामुळे मालिका पाहताना समेटाला किती वेळ दिला आहे, हे पालकाने जरूर पाहावे. या कसोटीवर तीन वर्षांच्या मुलासाठी ‘डॅनियल टायगर’ मला सर्वांत योग्य वाटते. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी ‘ब्लूई’, परंतु तिचा निम्मा अर्थ मोठ्यांसाठी लिहिलेला असल्याने शेजारी कोणीतरी बसलेले हवे. तसे ते प्रत्येक मालिकेलाच हवे. ‘डॅनियल टायगर’वरील २०१६ च्या अभ्यासात मुलांची सहानुभूती आणि भावना ओळखण्याची क्षमता वाढलेली दिसली, ती पाहिलेल्या गोष्टींविषयी ज्यांच्याशी घरी नियमित बोलले जात होते अशाच मुलांमध्ये.

अंकांसाठी फार शोधाशोध नको. २०१७ पासूनची ‘नंबरब्लॉक्स’ पुरेशी आहे. तिच्यात तीन म्हणजे तीन ठोकळ्यांचे पात्र, आणि दोन व एक एकमेकांवर चढले की तीन होतात, त्यामुळे मुलाला आकड्याच्या नावाबरोबर त्याचे परिमाण दिसते. नुसती अंकगाणी म्हणून घेणाऱ्या मालिकांशी तिची बरोबरी होत नाही.

मुलाची घरची भाषा मालिकेच्या भाषेहून वेगळी असेल, तर निवड थोडी बदलते. कथाप्रधान मालिका चांगल्या भाषांतरात टिकतात, पण इंग्रजी अक्षरांवर आणि यमकांवर उभ्या असलेल्या मालिकांचा डब करताना गाभाच हरवतो. अशा वेळी ‘शॉन द शीप’ किंवा ‘पिंगू’ यांसारख्या, कळणारी भाषाच नसलेल्या मालिका मोलाच्या ठरतात. पहिलीत संवाद नाहीत, दुसरीत पेंग्विन कुठल्याही देशाची नसलेली भाषा बोलतात. गोष्ट सांगण्याचे काम मग मुलाकडे आणि शेजारी बसलेल्या मोठ्याकडे येते, तेही आपल्या भाषेत. मात्र मूल एकटेच पाहणार असेल, तर भाषेच्या दृष्टीने त्यातून फारसे हाती लागणार नाही.

उरला भाग संपल्यानंतरचा वेळ. ठरलेल्या वेळी लागणारी मालिका आपोआप संपते. मागणीनुसार पाहायच्या सेवांवर पुढचा भाग काही सेकंदांत आपणहून सुरू होतो आणि उठण्याचा निर्णय मुलाच्या हातून निसटतो. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. ती बंद करावी, पाच किंवा सात मिनिटांचे दोन-तीन भाग आधी ठरवून मुलाला सांगावेत आणि ते संपले की संचही बंद करावा. मोठ्यांचा कार्यक्रम मागे नुसता चालू असला तरी एक ते तीन वर्षांच्या मुलांचा खेळ वारंवार तुटतो, मुले पडद्याकडे फारसे पाहत नसली तरीही, हे २००८ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आहे. म्हणून मुलाचे भाग संपल्यावर बातम्या लावून ठेवण्याची सवय घरात असेल, तर नवी मालिका शोधण्याआधी ती मोडावी.