कमळीचा डोळा उघडेना म्हणून गाठलेलं रेप्टाइल क्लिनिक, सेंट लुइस

आमच्याकडे थ्री-टोड बॉक्स टर्टल आहे, नाव कमळी, नऊ वर्षांपूर्वी एका घरातून दत्तक घेतलेली. हे कासव म्हणजे मिझुरीचा राज्य सरपटणारा प्राणी, 2007 पासून, त्यामुळे इथे कासव म्हटलं की लोक खूश होतात पण त्याला बघणारा डॉक्टर शोधायला गेलात की कळतं किती कमी आहेत ते. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय.

कमळी दर हिवाळ्यात गॅरेजमध्ये मातीपानांच्या खोक्यात झोपते, तिथे 4 ते 10 डिग्री सेल्सिअस राहायला हवं, पण या वेळी फेब्रुवारीत आठवडाभर ऊन पडलं आणि गॅरेज 15-16 वर गेलं, मला वाटलं चार दिवसांनी काय होतंय. होतं! धड झोपही नाही आणि धड जागही नाही, अंगातली चरबी जळत राहते आणि पोटात तर काहीच नसतं कारण झोपायच्या आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद केलेलं असतं. एप्रिलमध्ये उठली तेव्हा कोमट पाण्यात बसवली, पाणी प्यायली, मी निर्धास्त. पण आठवडा झाला तरी गांडूळ पुढे धरलं तरी तोंड फिरवायची, डावा डोळा मिटलेलाच, आणि डोळ्याच्या मागे, कान असतो तिथे, वाटाण्याएवढा फुगवटा.

आधी घराजवळच्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले आत्ताच उठलीय, सुस्ती असतेच, दोन आठवडे थांबा. मी थांबले नाही हे फार बरं झालं. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या व्हेट लोकांची एआरएव्ही नावाची संघटना आहे, त्यांच्या साइटवर डॉक्टर शोधता येतो, तिथून हे क्लिनिक मिळालं, घरापासून 50 मिनिटं.

इथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, झोपायच्या आधीचं वजन किती? मी किचनच्या काट्यावर करून लिहून ठेवते म्हणून सांगता आलं, ऑक्टोबरात 462 ग्रॅम, आता 409. म्हणजे 11 टक्क्यांच्या वर घट, आणि 10 च्या वर गेली की त्या काळजी करतात म्हणाल्या. मग कितीतरी वेळ नुसतं बघणं चाललं, नाकातून बुडबुडे येतात का, मान ताणून तोंड उघडून श्वास घेते का, तोंडात पिवळट थर आहे का, पोटाकडचं कवच कुठे मऊ पडलंय का, वास येतो का, गुलाबी-लालसर झालंय का. लालसर असेल तर रक्तात इन्फेक्शन असू शकतं, एक दिवसही थांबायचं नाही म्हणाल्या. एक्स-रे काढून फुफ्फुसं आणि अंडी पण बघितली.

निदान झालं कानातल्या गळूचं. बॉक्स टर्टलमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं, बऱ्याचदा व्हिटॅमिन ए कमी पडल्यामुळे. कासवांचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट गोळा असतो, त्यामुळे सुईने ओढून निघत नाही, भूल देऊन कापूनच काढावा लागतो. मला गोळा दाखवला सुद्धा. जखम मुद्दाम उघडी ठेवली, रोज धुवायची. अँटिबायोटिकची इंजेक्शनं भरून दिली, फ्रीजरमध्ये ठेवायची आणि दर तिसऱ्या दिवशी पुढच्या पायात द्यायची. मागच्या पायातलं रक्त आधी किडनीकडे जाऊ शकतं म्हणून पुढच्या. तिथल्या टेक्निशियनने माझा हात धरून दोनदा शिकवलं, अजिबात घाई केली नाही, मला रडू येत होतं तर टिशू आणून दिला.

मी व्हिटॅमिन ए चे थेंब ऑनलाइन मागवले होते, ते त्यांनी बंद करायला सांगितले, जास्त झालं तर कातडी सोलवटते. त्यापेक्षा लाल भोपळा, रताळं, गाजर किसून गांडुळात मिसळून द्या म्हणाल्या. आमच्याकडे भोपळ्याच्या घारग्या होतातच, सालीजवळचा कीस आता आधी कमळीचा.

तक्रारी दोन आहेत. फोन लवकर उचलत नाहीत, आणि खर्चाचा अंदाज आधी 400 डॉलर सांगितला, बिल 640 आलं. वाढ का झाली ते विचारल्यावर नीट समजावलं पण न विचारता सांगायला हवं होतं. तरी माझ्याकडून पाच स्टार, कारण त्यांनी "आत्ताच उठलीय" यावर भागवलं नाही.

आज सतरावा दिवस. डोळा पूर्ण उघडलाय, वजन 421, आणि सकाळी माझ्या हातातून गांडूळ ओढून घेतलं.