तारे की चिंचोके?

जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की पहिल्या पंधरवड्यातच हे ठरवावं लागतं: चांगल्या वागण्याचं बक्षीस एकेका मुलाला द्यायचं, की सगळ्या वर्गाला मिळून? दुसरीच्या वर्गात मी दोन्ही करून पाहिलंय.

ताऱ्यांचा तक्ता सोपा. भिंतीवर कार्डशीट, पटावरची नावं, पुढे चिकटवलेले तारे. पहिले आठ दिवस वर्ग कसा गुपचूप असतो! "बाई, मी हात वर केला होता, मला तारा?" पण महिन्याभरात तोच तक्ता वर्गातली उतरंड दाखवायला लागतो. माझ्या वर्गात एका मुलाच्या नावापुढे दिवाळीपर्यंत दोनच तारे होते. पाणी प्यायला जाताना तो त्या भिंतीकडे पाठ करून सरकायचा. माझ्या लक्षात आलं त्याच दिवशी मी तक्ता उतरवला. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. छडी टाकून दिली म्हणजे आपण सुटलो, असं नाही.

नंतर खिडकीत काचेची बरणी ठेवली. कुणाचा डबा सांडला आणि शेजारच्याने न सांगता भात गोळा केला, की बरणीत एक चिंचोका. भरली की शेवटचा तास मैदानावर. यात नाव कुणाचंच नसतं, आणि कमाई सगळ्यांची. धोका एकच, पण मोठा: "तुझ्यामुळे राहिलं!" 1969 मध्ये अमेरिकेत चौथीच्या वर्गावर असाच गटांचा खेळ करून पाहिला होता. गडबड केली की गटाच्या नावे फळ्यावर खूण. गोंगाट खूप कमी झाला, पण सतत खुणा ओढवून घेणाऱ्या दोन मुलांना शेवटी गटातून वेगळं काढावं लागलं. म्हणून माझ्याकडे नियम पक्का आहे: पडलेला चिंचोका परत काढायचा नाही.

पट तीस-चाळीसचा असेल तर माझं मत सरळ बरणीला. तारे ठेवावेत ते एखाद्याच मुलाच्या एकाच सवयीसाठी, त्याच्या वहीच्या मागच्या पानावर, तीनेक आठवडे. बाकीच्यांना ते दिसायचंही कारण नाही.

आणि जे मूल आपणहून चित्र काढतं, पुस्तक उघडतं, तिथे दोन्ही नकोत. 1973 च्या एका प्रयोगात बालवाडीतल्या काही मुलांना चित्रासाठी प्रशस्तिपत्र देऊ, असं आधीच सांगितलं होतं. पुढे मोकळ्या वेळात त्यांनी स्केचपेन इतरांच्या निम्माच वेळ हाती धरले. ज्यांना तेच पत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली.

पहिली बरणी लहानच घ्या, लोणच्याची चालेल. आठवड्यात भरायला हवी. बक्षीस मुलांनाच विचारा. माझ्या वर्गाने चॉकलेट मागितलंच नाही, चिंचेखाली बसून डबा खायचा म्हणाले.