क्विक-चेंज स्क्रूड्रायव्हर बिट्स : कारागिराने कोणती घ्यावीत, घरासाठी कोणती पुरतील

स्क्रूड्रायव्हर बिट्सचे, म्हणजे हँडल किंवा यंत्रात बसवायच्या बदलत्या टोकांचे संच बाजारात बहुधा नगांच्या संख्येवर विकले जातात. डब्यावर तीस, चाळीस, कधी शंभर नगांचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि आत कोणते पोलाद आहे, दांडा कोणत्या मापाचा आहे किंवा टोक किती नेमके घडवले आहे याबद्दल एक ओळही नसते. आपल्याकडच्या घरात किंवा फर्निचरच्या कारखान्यात त्यांतली चार-पाच बिट्स रोज हाताशी लागतात आणि बाकीची डब्यात तशीच पडून राहतात. म्हणून हे परीक्षण अमुक एका संचाचे नसून या बिट्सच्या प्रकारांचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : नगांची संख्या पाहून संच घेण्याऐवजी एक उत्तम होल्डर (बिट धरणारा जोड-दांडा) आणि नेमक्या मापाची मोजकी, चांगल्या पोलादाची बिट्स घ्यावीत, पैसेही त्यातच वाचतात आणि स्क्रूही.

पहिला प्रश्न दांड्याचा. या सर्व बिट्सचा दांडा षटकोनी असून त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. असते. मोबाइल किंवा लॅपटॉप उघडण्याच्या संचांतली बिट्स ४ मि.मी. दांड्याची असतात आणि ती या होल्डरमध्ये चालत नाहीत, हे ऑनलाइन मागवताना पाहून घ्यावे. पाव इंची दांड्यातही दोन जाती आहेत. २५ मि.मी. लांबीच्या आखूड बिटाला सी ६.३ म्हणतात, त्याच्या कोपऱ्यांवर फार तर लहान खाचा असतात. ५० मि.मी. आणि त्याहून लांब बिटाला ई ६.३ म्हणतात, त्याच्या दांड्याभोवती एक स्पष्ट गोल खोबण असते. क्विक-चेंज चकमधल्या, म्हणजे बिट झटपट बदलता येणाऱ्या यंत्राच्या तोंडातल्या पोलादी गोळ्या या खोबणीत बसतात आणि बिट अडकवून ठेवतात. चकची बाहेरची कॉलर सरकवली की गोळ्या मागे हटतात आणि बिट मोकळे होते. सारी सोय या एका खोबणीवर उभी आहे. खोबण नसलेले आखूड बिट इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ठोके देत स्क्रू फिरवणाऱ्या यंत्रात थेट घातले तर ते पकडले जात नाही, पहिल्याच स्क्रूत अडकून बाहेर येते. साध्या ड्रिल मशीनचा तीन जबड्यांचा चक कोणताही दांडा आवळून धरतो, त्यामुळे फक्त ड्रिल वापरणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. त्याने इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला की मात्र जुनी आखूड बिट्स होल्डरशिवाय निरुपयोगी ठरतात.

खोबणीच्या जागेबद्दलही एक बारकावा आहे आणि दुकानदार तो सहसा सांगत नाहीत. युरोपीय आणि अमेरिकी पद्धतीच्या बिटात ही खोबण दांड्याच्या टोकापासून सुमारे ९ मि.मी. अंतरावर असते, तर जपानी पद्धतीच्या बिटात ती १३-१४ मि.मी. अंतरावर असते. मकिताच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या माहितीपुस्तिकेत ही दोन्ही मापे आकृतीसह दिलेली आहेत, आणि खोल भोक असलेल्या यंत्रात ९ मि.मी. खोबणीचे बिट वापरायचे असल्यास आत ‘बिट-पीस’ नावाचा लहान तुकडा घालावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. तो तुकडा नसेल तर बिट गरजेपेक्षा आत जाते आणि गोळ्या खोबणीत बसत नाहीत. नवीन बिट यंत्रात ‘धरत नाही’ अशी तक्रार घेऊन दुकानात जाण्यापूर्वी एवढे तपासावे.

दांड्यापेक्षा अधिक नुकसान चुकीच्या टोकामुळे होते. आपण ज्याला सरसकट स्टार स्क्रू म्हणतो, त्यात दिसायला सारखे पण घडणीने वेगळे असे किमान तीन प्रकार मिसळलेले असतात. पहिला फिलिप्स. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांना या रचनेचे पेटंट १९३६ मध्ये मिळाले आणि मोटार कारखान्यांनी ती लगेच उचलली, कारण टोक आपोआप स्क्रूच्या मध्यावर येते आणि यंत्राने भराभर स्क्रू आवळता येतात. पण या टोकाच्या बाजू उतरत्या असतात. पीळ वाढला की टोक त्या उतारावरून वर चढते आणि बाहेर निसटते. त्यामुळे फिलिप्स स्क्रू आवळताना मागून नेटाने दाब द्यावाच लागतो. दुसरा पोझिड्राइव्ह. १९६० च्या दशकात आलेल्या या प्रकारात अधिकच्या चार मधल्या कडांमुळे पकड वाढवली आहे आणि मुख्य बाजू जवळजवळ सरळ ठेवल्या आहेत, त्यामुळे बिट सहजी उसळत नाही. ओळखण्याची खूण सोपी : स्क्रूच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध, तिरप्या दिशेने चार बारीक रेषा कोरलेल्या असतात. बिटावर पी.एच. असेल तर ते फिलिप्स आणि पी.झेड. असेल तर पोझिड्राइव्ह.

पी.एच. २ बिट पी.झेड. २ स्क्रूमध्ये जाते, पण डुगडुगते आणि खाचेच्या कडा खाते, उलट पी.झेड. २ बिट फिलिप्स खाचेत पूर्ण बसतच नाही, कारण त्याच्या मधल्या कडा आड येतात. आपल्याकडे प्लायमध्ये वापरले जाणारे काळे ड्रायवॉल स्क्रू बहुतेक फिलिप्स २ मापाचे असतात, तर ब्लम किंवा हेटिचसारख्या युरोपीय कंपन्यांच्या बिजागऱ्यांचे, दरवाजा वर-खाली व आत-बाहेर करण्याचे स्क्रू पोझिड्राइव्ह २ असतात. मॉड्युलर किचनची दारे दर पावसाळ्यानंतर किंचित जुळवावी लागतात. प्रत्येक वेळी ती फिलिप्स बिटाने फिरवली, तर काही वर्षांत खाच गुळगुळीत होते आणि सुस्थितीतली महागडी बिजागरी केवळ एका स्क्रूमुळे बदलावी लागते. आयकियाचे नवी मुंबईतील तुर्भे येथील दुकान डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून घरीच जोडायचे फर्निचर आपल्याकडे वाढले आहे, आणि त्यातही पोझिड्राइव्ह खाच वारंवार भेटते. घरात एकच बिट अधिकचे घ्यायचे असेल तर ते पी.झेड. २ असावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तिसरा प्रकार जपानी. होंडा, यामाहा, सुझुकी यांच्या दुचाकींच्या कार्ब्युरेटरवर आणि इंजिनच्या झाकणांवर पाहिले, तर फुलीजवळ एक लहान ठिपका कोरलेला दिसतो. ही जपानी मानकाची खाच असून तीत फिलिप्स बिट तळापर्यंत पोहोचत नाही, वरच अडखळते. व्हेसल या जपानी कंपनीची बिट्स या खाचेत चांगली बसतात, आणि ती फिलिप्स स्क्रूतही चालतात. गॅरेजच्या कामासाठी ती वेगळी ठेवण्याजोगी आहेत.

पीळ देण्याच्या बाबतीत या तिघांहून सरस असलेला टॉर्क्स हा सहा पाकळ्यांचा प्रकार १९६७ मध्ये अमेरिकेत कॅमकार कंपनीने आणला. त्याच्या पाकळ्यांच्या बाजू जवळजवळ उभ्या असल्यामुळे बिट वर ढकलले जात नाही आणि मागून फारसा दाब द्यावा लागत नाही. एम ४ मापाच्या स्क्रूला टी २०, एम ५ ला टी २५ आणि एम ६ ला टी ३० अशी ढोबळ जुळणी लक्षात ठेवता येते. मध्यभागी खुंटी असलेल्या सुरक्षित टॉर्क्स स्क्रूसाठी टोकाला भोक असलेले बिट लागते. ते साध्या टॉर्क्सलाही चालते, मात्र भोकामुळे किंचित कमकुवत असते. आपल्या सुतारकामात टॉर्क्स स्क्रू अजून कमी दिसतात, पण लांब लाकडी स्क्रू घेताना ते मिळत असतील तर मी तेच निवडतो.

पोलादाकडे वळू. डब्यावर ‘एस २’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते धक्के सोसणाऱ्या हत्यारी पोलादाचे नाव असते. बिट कसे टिकेल हे मात्र त्या पोलादाला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे उष्णता-प्रक्रियेवर अवलंबून असते, आणि त्याबद्दल शिक्का काही सांगत नाही. फार कठीण केलेले बिट झिजत नाही पण इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या ठोक्यांनी कडेला तडकते. मऊ ठेवलेले बिट तुटत नाही पण लवकर गोल होते. या पेचावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे बिटाच्या मध्यभागी मुद्दाम बारीक केलेला, पीळ पचवणारा भाग. डिवॉल्टची फ्लेक्सटॉर्क, बॉशची इम्पॅक्ट कंट्रोल, वेराची बाय-टॉर्शन या मालिकांचे मूळ तत्त्व हेच आहे : ठोका थेट टोकावर न जाता मधल्या भागात थोडा मुरतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरणाऱ्याने अशीच बिट्स घ्यावीत. हाताने किंवा कमी ताकदीच्या ड्रिलने काम करणाऱ्याला त्यांचा विशेष लाभ होत नाही. त्याला साधे, कठीण टोकाचे बिट अधिक नेमके वाटेल. वेराच्या काही बिटांच्या टोकावर हिऱ्याच्या बारीक कणांचा थर असतो. तो खाचेत घट्ट रुततो, त्यामुळे अर्धवट झिजलेला जुना स्क्रू काढताना असे एखादे बिट जवळ असणे फार उपयोगी पडते.

आता होल्डर. स्वस्त होल्डरमध्ये चुंबक नुसता चिकटवलेला असतो. तो काही दिवसांत सुटतो आणि बिटासोबत बाहेर येतो. त्याहून मोठा दोष म्हणजे होल्डरच्या षटकोनी भोकाची ढिलाई : बिट मनगटी घड्याळाच्या सैल पट्ट्यासारखे हलते आणि टोक स्क्रूच्या अक्षापासून सरकते. चांगल्या होल्डरची परीक्षा दुकानातच करता येते. २५ मि.मी. बिट घालून बोटांनी टोक हलवून पाहावे. जाणवण्याइतके हलत असेल तर तो होल्डर घेऊ नये. कॉलर मागे-पुढे सरकवताना ती अडखळता कामा नये, आणि बिट एका हाताने घालता-काढता यायला हवे. वेराचा रॅपिडअ‍ॅडॅप्टर या बाबतीत मला सर्वांत समाधानकारक वाटतो, मात्र त्याची किंमत सामान्य होल्डरच्या कितीतरी पट आहे आणि घरगुती वापरासाठी ती मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

व्यवसाय करणाऱ्यांसाठी माझा निवाडा असा आहे. दिवसभर प्लायवर स्क्रू आवळणाऱ्या सुताराने ५० मि.मी. चे खोबणीचे पी.एच. २ बिट थेट चकमध्ये लावावे आणि ते एकेक न घेता दहा-दहाच्या पुडक्यात घ्यावे, कारण त्याच्या कामात ते झिजणारेच साहित्य आहे. आपल्याकडे ६५ मि.मी. चे दोन तोंडांचे बिट फार लोकप्रिय आहे. एक तोंड झिजले की उलटे लावता येते हे खरे, पण वापरात नसलेले तोंड चकच्या आत राहते आणि तिथल्या धुळीत घासते. शिवाय एवढ्या लांबीमुळे हात किंचित तिरका झाला तरी टोक लगेच सरकते. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात हात पोहोचत नसेल तेव्हा ती लांबी कामाला येते, रोजच्या कामासाठी मी ५० मि.मी. चेच पसंत करतो. इलेक्ट्रिशियनची गरज निराळी आहे. एम.सी.बी.च्या (वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलवर बहुधा चपटी आणि पोझिड्राइव्ह अशी संमिश्र खाच असते. तिच्यासाठी वेगळे संमिश्र टोक मिळते आणि ते टर्मिनल नीट आवळते. सैल टर्मिनल तापते आणि जळते, म्हणून हे टोक त्याच्या पेटीत असायलाच हवे. मात्र उघड्या धातूचे क्विक-चेंज बिट आणि होल्डर कधीही चालू विजेवर वापरू नयेत, हँडल कितीही जाड रबराचे असले तरी. त्या कामासाठी टोकापर्यंत आवरण असलेले, १००० व्होल्टची खूण असलेले वेगळे स्क्रूड्रायव्हर आणि बदलता येणारी पाती मिळतात.

घरासाठी एवढे पुरते : रॅचेट (एकाच दिशेने पीळ देणारी यंत्रणा) असलेले एक हँडल किंवा लहान कॉर्डलेस स्क्रूड्रायव्हर, न डुगडुगणारा ६० मि.मी. चा चुंबकी होल्डर, आणि २५ मि.मी. ची पी.एच. १, पी.एच. २, पी.झेड. २, ४ मि.मी. षटकोनी, टी २० आणि एक चपटे अशी बिट्स. पी.एच. २ दोन घ्यावीत. चांगल्या कंपनीची सुटी बिट्स मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत मिळतात, आणि तिथे जाताना घरातला नेहमीचा एक स्क्रू खिशात घेऊन जावा. बिट चुंबकाशिवाय त्या स्क्रूत घालून आडवे धरावे. स्क्रू नुसत्या पकडीवर टिकून राहिला तर टोक नेमके घडवलेले आहे. नावाजलेल्या कंपन्यांची नक्कल बाजारात भरपूर असते, त्यामुळे छापील नावापेक्षा ही चाचणी अधिक भरवशाची आहे.

वापरताना टोकाच्या कडा अधूनमधून उजेडात धराव्यात. कडेवर चकाकणारी गोलाई दिसू लागली, किंवा पूर्वी सहज आवळले जाणारे स्क्रू अधिक दाब मागू लागले, की ते बिट त्याच दिवशी टाकून द्यावे. झिजलेले बिट डब्यात परत ठेवले तर पुढच्या वेळी नेमके तेच हाती येते आणि नवा स्क्रू खराब करते.