स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम: ८ महिने रोज केल्यानंतरचा अनुभव

आधी माझं दुखणं काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला मोठं असं काही झालेलं नाही. ऑपरेशन नाही, अपघात नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण गेल्या ३ वर्षांत अंग पूर्ण मोकळं वाटलंय असा एक दिवस आठवत नाही. मान आणि खांदे कायम भरून आलेले, जबडा आखडलेला, कंबरेत एक बारीक ठसठस, ती बसलं तरी असते आणि आडवं झालं तरी असते. दुखण्याचा आकडा १० पैकी ३, कधी ४, वाईट दिवशी ५. एवढ्यासाठी कोणी सुट्टी घेत नाही, घरचे तरी किती दिवस विचारणार, आणि आपण तरी रोज उठून काय सांगणार. डॉक्टर विचारतात दुखतं का, तर दुखतं असं ठामपणे म्हणवत नाही, मग बरं आहे का, तर तेही नाही.

यात एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, म्हणून आधीच सांगते. आपल्याकडे यासाठी शब्द भरपूर आहेत. अवघडलंय, आखडलंय, रग लागलीय, भरून आलंय, ठणकतंय, चमक येतेय, कसकसतंय, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मी तपासायला जाताना "पेन होतं" म्हणायचं सोडून हेच शब्द वापरायला लागले, म्हणजे मान अवघडते, कंबर ठसठसते, खांद्याला संध्याकाळी रग लागते, तेव्हा पहिल्यांदा समोरच्या फिजिओने पेन खाली ठेवून नीट ऐकून घेतलं. हा व्यायाम पण त्यांनीच सुचवला. त्याआधी सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या, आणि तुमच्या झालेल्या नसतील तर आधी त्या करा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, हातापायाची ताकद कमी होणं, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काहीही असेल तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

तर व्यायाम असा. शरीराचा एकेक भाग घ्यायचा, तिथले स्नायू ५ ते ७ सेकंद आवळायचे, आणि मग एकदम सोडून द्यायचे, आणि सोडल्यावर २०-३० सेकंद तिथे काय वाटतंय याकडे फक्त लक्ष द्यायचं. मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. इंग्रजीत याला प्रोग्रेसिव्ह मसल रिलॅक्सेशन म्हणतात. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२९ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. त्याची मूळ पद्धत खूप लांबलचक होती, एकट्या हातावरच दिवसच्या दिवस जायचे, शिवाय स्नायूंमधली विजेची हालचाल यंत्रावर मोजून माणूस खरंच सैल पडलाय का ते तो बघायचा. पुढे जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने ती बरीच आटोपशीर केली, आणि १९७३ मध्ये बर्नस्टाइन आणि बोर्कोव्हेक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १६ स्नायूगटांची पद्धत लिहून काढली. मी करते तो साधारण तोच प्रकार, २० मिनिटांचा.

पहिले २ आठवडे वाईट गेले आणि हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दिवसभर कामात असताना जे दुखणं मागे पडलेलं असतं ते शांत पडल्यावर एकदम पुढे येतं. खोलीत आवाज नाही, फोन नाही, आणि कंबरेची ठसठस अशी की जणू तेवढंच उरलंय जगात. छातीत धडधड पण व्हायची. मी फिजिओला म्हणाले की मला हे जमणाऱ्यातलं नाही, तर ते म्हणाले असं बऱ्याच जणांना होतं, सैल पडायला लागल्यावरच अस्वस्थ वाटणं ही ओळखीची गोष्ट आहे, डोळे उघडे ठेवा, खुर्चीत बसून करा, आणि फक्त दोन्ही हात करा, ५ मिनिटं, बाकी काही नको. मग मी ३ आठवडे फक्त हात केले. मूठ आवळायची, सोडायची. एवढंच. आणि एका संध्याकाळी उजवी मूठ सोडल्यावर बोटं आपोआप थोडी उघडली आणि तळव्यात ऊब आल्यासारखं वाटलं, हाताला वजन आलं, खुर्चीच्या हातावर तो नुसता पडून राहिला. मी तो उचललाच नाही कितीतरी वेळ. सैल म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी सैल म्हणून जे समजत होते ते पण आवळलेलंच होतं, फक्त जरा कमी.

या सगळ्या पद्धतीचा जीव त्या फरकात आहे असं माझं मत झालंय. आवळणं हे फक्त ओळख पटवण्यासाठी आहे, म्हणून जोर लावून आवळायची काही गरज नाही, निम्म्या ताकदीने पुरतं. मी सुरुवातीला व्यायामशाळेत गेल्यासारखी जीव खाऊन आवळायचे आणि दुसऱ्या दिवशी मान अजूनच धरलेली असायची. मानेला तर आता मी आवळतच नाही, डोकं उशीत हलकंसं दाबते आणि सोडते. पोटऱ्यांचंही तसंच, पावलं खाली ताणून आवळलं की पेटका येतो, मला रात्री ११ वाजता असा गोळा आलाय की उठून भिंत धरून उभी राहिले. बोटं आपल्याकडे ओढून घेतली की तो त्रास होत नाही. जिथे मुळात दुखतं तो भाग आवळायचाच नाही, तिथे नुसतं लक्ष न्यायचं आणि सोडायचं.

दुसरी चूक माझी म्हणजे मी सैल पडायचा प्रयत्न करायचे. आज पडलंच पाहिजे सैल, २० मिनिटं झाली, अजून खांदा का सुटत नाही. तो प्रयत्न म्हणजेच ताण. हातातली वस्तू टाकून द्यायला जेवढे कष्ट पडतात तेवढेच यात पडायला हवेत, म्हणजे काहीच नाही. हे वाचून समजत नाही, मला समजायला चौथा महिना उजाडला.

आता शेकाबद्दल, कारण यात माझं खरंच नुकसान झालं. व्यायामाच्या आधी कंबरेला हीटिंग पॅड लावलं की स्नायू लवकर सुटायचे, म्हणून मी रोज लावायचे, मग दोनदा, मग बसल्या बसल्या तासन् तास. साधारण अडीच महिन्यांनी आरशात पाठमोरं बघताना दिसलं की कंबरेवर तपकिरी लालसर रेघांची जाळी उमटलीय, अगदी मासे पकडायच्या जाळ्यासारखी, एकेक चौकोन वेगळा दिसतोय, वर हात फिरवला तर काही लागत नाही, खाजही नाही. मी घाबरले. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं की शेक किती घेता. याला एरिथेमा अब इग्ने म्हणतात, भाजण्याइतकी उष्णता नसली तरी तीच ऊब त्याच जागी रोज रोज लागत राहिली की होतं. शेक बंद केला की बहुतेक वेळा हळूहळू जातं, पण महिने लागतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर त्वचेला कायमचा धोका असतो. तेव्हा शेक घ्यायचा तर कपडा मध्ये घालून, १५-२० मिनिटं, आणि पॅड लावून झोपून जायचं नाही. शेकाने बरं वाटतं हे खरंच आहे, पण बरं वाटतंय म्हणून लावून ठेवत राहिलो की असं होतं.

फायदा नेमका कुठे झाला ते आता. मला वाटलं होतं रात्रीच्या २० मिनिटांत बरं वाटेल. ते वाटतं, तासभर टिकतं, कधी तेही नाही. खरा फायदा दिवसा झाला आणि तो मी मागितलाही नव्हता. पाचव्या महिन्यात एकदा कॉम्प्युटरवर पासवर्ड टाइप करत होते, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा टाकताना लक्षात आलं की दात दातावर घट्ट दाबलेत, जीभ टाळूला चिकटलीय आणि डावा खांदा कानाच्या जवळ गेलाय. पासवर्ड टाकायला खांद्याचं काय काम. सोडला तर तो चांगला दोन बोटं खाली आला. मग मी बघायलाच लागले. फोनची रिंग वाजली की खांदा वर, दार उघडताना किल्ली फिरली नाही की जबडा बंद, कोणी मागून हाक मारली की पोट आत. दिवसातून अशा कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळी थोडं आवळायचं आणि ते सोडायचं राहूनच जायचं. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्याची बेरीज म्हणजे माझी ती रग.

जबड्याचं तर मी सगळ्यांना सांगते. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे खालचे दात एकमेकांना टेकायची गरजच नसते. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे हलकी टेकलेली, ही जबड्याची आरामाची अवस्था. हे वाचताना तुमचे दात कुठे आहेत बघा. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा निळा ठिपका चिकटवलाय, त्याच्याकडे नजर गेली की दात सुटे करायचे, बस. कानशिलावरचं दुखणं, ज्याला मी इतकी वर्षं चष्म्याचा नंबर समजत होते, ते ६ आठवड्यांत निम्म्यावर आलं.

श्वासाचं थोडक्यात सांगते. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे मनगटावर बोट ठेवून स्वतःलाच जाणवतं. मी ४ आकडे घेताना आणि ६ सोडताना मोजते, मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून द्यायचं. आणि दुखऱ्या जागेवर हात फिरवणं, जे आपण लहानपणापासून करतो, त्यामागेही कारण आहे. मेलझॅक आणि वॉल या वेदनेवर संशोधन करणाऱ्या दोघांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यातच वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात. त्यांच्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण आई डोक्यावर आपटलेल्या जागी चोळायची ते उगाच नव्हतं. आता झोपायच्या आधी मी दोन्ही हातांनी मान हलकी चोळते, दाबत नाही.

आकडे हवे असतील तर माझे असे आहेत. दुखण्याचा आकडा ४ च्या आसपास होता तो ३ वर आलाय. फक्त १ ने. पहिल्या ३ महिन्यांत तर काहीच फरक नव्हता. पण झोप लागायला पूर्वी तास तास लागायचा, आता २०-२५ मिनिटं लागतात, आणि पहाटे ३ ला जाग येऊन पाठ कुठे टेकवू हे होणं आठवड्यातून ५ दिवसांवरून १-२ दिवसांवर आलंय. गोळी महिन्यातून ८-१० वेळा घ्यायचे, गेल्या महिन्यात २ घेतल्या. आकडा रोज दोनदा लिहायचे ते मात्र मी बंद केलं, कारण लिहायचं म्हणून सकाळी उठल्या उठल्या दुखणं शोधत बसायचे आणि शोधलं की सापडतंच. आता रविवारी एकदा लिहिते.

मी मध्ये एक आठवडा सोडूनही बघितलं. प्रवास होता, जागा नव्हती, मनही नव्हतं. चौथ्या दिवशी खांदे परत वर. नुसतं दुखणं वाढलेल्या दिवशी करून उपयोग होत नाही हे तेव्हा पटलं. बऱ्या दिवशी केलेलं असेल तरच वाईट दिवशी हाताशी येतं, ठणका लागलेला असताना नवीन काही शिकता येत नाही. आणि बऱ्या दिवशी आणखी एक सांभाळावं लागतं, अंग जरा हलकं वाटलं की साठलेली सगळी कामं काढायची आणि पुढचे ३ दिवस आडवं पडायचं, हे चक्र मी वर्षानुवर्षं केलंय. आता बऱ्या दिवशीही दर ४० मिनिटांनी टायमर वाजला की उठते, काम अर्धं असलं तरी. हे मला अजून जड जातं, खोटं कशाला सांगू.

कोणाला उपयोगी नाही असं विचाराल तर ज्यांना आत्ता कुठे मुका मार, मोडलेलं हाड, ताजी दुखापत आहे त्यांनी तो भाग आवळू नये, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून करावं, आणि श्वास रोखून आवळायचं तर कोणीच नाही. ज्यांना शांत पडल्यावर फार घाबरायला होतं त्यांनी माझ्यासारखं हातापासून, बसून, डोळे उघडे ठेवून सुरू करावं. रेकॉर्डिंग लावायचं तर सावकाश आवाजातलं घ्या, मी ५-६ बघितली, बहुतेकांत सोडल्यानंतरचा वेळ फार कमी देतात, लगेच पुढच्या भागावर जातात. शेवटी मी स्वतःच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड केलं, मध्ये चांगलं अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवून, आणि गेले ४ महिने तेच चालू आहे.

कंबरेवरची जाळी बरीच पुसट झालीय, बाजूने उजेड पडला तरच दिसते. ठसठस आहे, आत्ता लिहिताना पण आहे, उजव्या बाजूला. खांदे मात्र खाली आहेत, मी आत्ताच बघितलं.